तुळजापुरातला जर्मन किल्ला

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, फोटो स्टुडिओतला. पण तुळजापुरात मला कुणी पडदा म्हणत नसे. सगळे 'किल्ला'च म्हणत!

चाळीस वर्षांपूर्वी व्यंकट पेंटरने मला मांजरपाटावर रंगवलं. नमुना होता कॅलेंडरवरचा जर्मनीतला किल्ला. डोंगर, पांढऱ्या भिंती, निमुळते बुरूज, सगळं त्याने हुबेहूब काढलं आणि शेवटी सर्वांत उंच बुरुजावर भगवा फडकवून दिला. "झेंड्याबिगर किल्ला लई भुंडा दिसतो," म्हणाला.

तिथेच घोटाळा झाला. लग्नानंतर जोडीने देवीच्या दर्शनाला आलेली माणसं फोटोसाठी माझ्यापुढे उभी राहत, झेंडा बघत आणि कुणी न सांगता चपला काढत. नागूबाई नावाच्या एका आजीने तर हातच जोडले. "ह्यो देवीचाच किल्ला व्हय?" स्टुडिओचे मालक वसंतराव गालातल्या गालात हसत आणि इथे कशा घनघोर लढाया झाल्या ते रंगवून सांगत. माझ्यापुढच्या सगळ्या फोटोंत नवरा-नवरी अनवाणी आहेत. काय माझा थाट होता म्हणून सांगू!

वसंतरावांची लेक देवश्री लहानपणी माझ्या रंगवलेल्या दारावर टकटक करी. "बाबा, हे उघडत का न्हाय?"

"तू मोठी झालीस की आपण दोघं जाऊन खरं दार उघडू. तोवर हा किल्ला भिंतीवरून उतरवणार न्हाय. आई भवानीची शपथ!"

मी वेडा, ती शपथ खरी मानून बसलो.

देवश्री शिकली आणि नोकरीसाठी जर्मनीला गेली. एके दिवशी तिने खऱ्या किल्ल्यासमोरून व्हिडिओ कॉल केला. "बाबा, इथं एकही लढाई झाली नाही हो! राजानं हौसेनं बांधला आणि सहा महिनेसुद्धा राहिला नाही. तो वारल्यावर दोन महिन्यांत तिकीट लावून लोकांना खुला केला. आता बघा केवढी रांग! पण मी दारातूनच परत फिरतेय. तुम्ही या, मग दोघं आत जाऊ."

"आता कशाला? पाहिला की फोनवर!" वसंतराव म्हणाले.

झालं! आठवड्याच्या आत तिने पाठवलेल्या फोटोचा चकचकीत फ्लेक्स भिंतीवर चढला. मला उतरवून दारात पालथं अंथरलं आणि वर पाटी लावली, 'चपला येथे काढा'. ज्यांनी माझ्यापुढे आपणहून चपला काढल्या, त्यांच्या चपला आता माझ्या पाठीवर! देवीची शपथ घेतलेल्या माणसाने हे करावं? मला फार लागलं.

मागच्या आठवड्यात देवश्री सुट्टीवर आली. तिने बूट काढले ते नेमके माझ्या त्या रंगवलेल्या दारावर. आत जाऊन भिंतीकडे बघत ती थबकली.

"बाबा, आपला किल्ला कुठं गेला?"

"जपून ठेवलाय गं, पेटीत," वसंतराव नजर चुकवत म्हणाले.

"मला द्याल? तिकडं माझ्या खोलीत लावते."

"देतो की. सापडला की देतो."

आज सकाळी ती परत निघाली. दारात माझ्यावरच बसून तिने बुटाच्या नाड्या बांधल्या. मला ओरडावंसं वाटलं, पण पडद्याला कुठला आवाज! ती उठली आणि गेली.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादं जुनं कापड पालथं पडलं असेल. त्यावर पाय पुसण्याआधी ते एकदा उलटून बघाल ना?