डॉजचा टप

मंगल कार्यालयाच्या दारात उभ्या केलेल्या गाडीवरची चादर इंद्रजीतनं झटक्यात ओढली, तेव्हा पाहुण्यांचे मोबाईल एकदम वर झाले आणि हर्षदाचा कॅमेरा खाली आला. गाडीला टप नव्हता.

पुढची काच होती, दारं होती, डिकी होती. वरती नुसतं आभाळ. खांब कटरनं उडवलेले, आणि कापलेल्या कडा दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. मागच्या सीटवर लाल मखमलीची खुर्ची ठोकून बसवली होती.

"कसं वाटलं सरप्राइज, आबा?" इंद्रजीत ओरडला. "ओपन केली!"

हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ती डॉज त्रेपन्न सालची, अमेरिकन. हर्षदाच्या आजोबांची, रखमाजींची. त्यांना सगळे आबा म्हणत. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक साहेब गाव सोडून निघाला आणि त्यानं गाडी विकायला काढली, तेव्हा आबा मेंढरं हाकत कॉलनीच्या कडेनं चालले होते. गाडीच्या नाकावर उडी घेतलेला निकेलचा एडका त्यांना दिसला आणि ते तिथंच थबकले. गोऱ्यांच्या मुलखातही कुणीतरी एडक्याला इतका मान देतो, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसानं निम्मा कळप विकून मोटार घेतली म्हणून भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. आबांनी एडक्याला भंडारा लावला आणि दौंड स्टेशन ते शिरूर उतारू वाहायला सुरुवात केली. बाळंतिणी, वऱ्हाडं, बाजाराच्या पाट्या, सगळं त्या टपाखालून गेलं. पुढं जीपगाड्या आल्या, डॉजचं इंजिन थकलं आणि ती वस्तीवरच्या शेडमध्ये जाऊन बसली.

हर्षदा त्याच शेडमध्ये फोटो काढायला शिकली. आता ती रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला होती, कारेगावात खोली घेऊन राहायची, आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून जुन्या अमेरिकन गाड्या शोधत फिरायची. कुणाच्या गोठ्यात शेवरोलेट, कुणाच्या चिंचेखाली स्टुडबेकर, कुणाच्या गोदामात खतांच्या पोत्यांमागं प्लिमथ. निकेलमध्ये फोटो काढणाराच दिसतो म्हणून ती काळा कुडता घालून जायची. ऊन कलेपर्यंत बसून राहायची. लोक हसायचे, पोरीला भंगाराचा नाद लागलाय म्हणायचे. हसणाऱ्यांना ती रेघ कधी दिसलीच नाही, त्याला ती काय करणार? बॉनेटवरून निघालेली रेघ काचेवरून टपावर चढते, टपावर अंमळ रेंगाळते आणि निवांत डिकीवर उतरते. कुठं तुटत नाही. आजकालच्या गाड्या रागावलेल्या दिसतात; ही जेवून सुपारी चघळत बसलेल्या माणसासारखी दिसायची. एवढं सुख कुणीतरी पत्र्यात घडवलं होतं, आणि त्यातलं निम्मं होतं टपात.

पण आबांची डॉज तिला कायम उभीच मिळाली होती. तिला एकच फोटो हवा होता: डॉज रस्त्यावर धावतेय आणि स्टेअरिंगवर आबा. आबा आता चौऱ्याऐंशीचे झाले होते, चहाचा कप दोन हातांनी धरायचे. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही कळत होतं आणि त्यांनाही.

म्हणून तर इंद्रजीतला गाडी दिली. इंद्रजीत शिरूरच्या हौसरावांचा थोरला, कंपन्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार. हर्षदाचा भाऊ रुद्र त्याच्याच ठेक्यावर कामाला. हर्षदानं टाकलेला डॉजचा फोटो मोबाईलवर बघून इंद्रजीत वस्तीवर आला. विक्रमचं, म्हणजे धाकट्या भावाचं, लग्न होतं. मिरवणुकीला गाडी द्या, चालू करून देतो, खर्च सगळा आपला, म्हणाला. हर्षदानं अट घातली होती: रंगाला हात लावायचा नाही, काही बदलायचं नाही, आणि लग्नाच्या दिवशी आधी आबा न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी चालवणार, ती फोटो काढणार, मगच मिरवणूक.

"शब्द दिला, ताई," इंद्रजीत छातीला हात लावून म्हणाला होता.

त्या शब्दावर आबा आज पहाटे उठून दाढी करून, नवा पटका बांधून दौंडहून आले होते. रुद्रनं त्यांना मोटारसायकलवर आणलं होतं. वाटेत तीनदा त्यांनी विचारलं म्हणे, गिअर स्टेअरिंगलाच हाय नव्हं, बदलला न्हाई नव्हं.

"कुणाला विचारून कापली?" हर्षदानं विचारलं.

"विचारायचं काय त्यात?" इंद्रजीत अजून हसतच होता. "टपाखाली नवरदेव बसला तर दिसणार कुणाला? ओपन जीप तर आता समदेच आणत्यात. ओपन डॉज कुणी आणली का? पुण्यातबी न्हाई!"

तेही खरंच. आपल्याकडं माणूस चार फूट उंच बसून लोकांच्या डोक्यावरून हात हलवत गेला नाही, तर त्याचं लग्न झाल्यासारखंच वाटत नाही. त्यासाठी सत्तर वर्षं टिकलेली एक रेघ कापावी लागली, तर कापली. दुपारभराचं काम.

"टप कुठं हाय?"

"टप? गॅरेजवाल्यानं भंगारात घातला आसंल. गंजलेला हुता, ताई."

"गंजला नव्हता. त्या टपाच्या इंच न् इंचाचा फोटो माझ्याकडं हाय. शब्द दिला होता तुम्ही."

"अगं, रंगाला हात लावलाय का? बघ की!"

रुद्र तिच्या कोपरापाशी येऊन पुटपुटला, "हर्षे, हळू बोल. लोक बघत्यात."

"बघू दे. बघायलाच बोलावलंय ना समद्यांना."

"माझी ड्यूटी त्यांच्या हातात हाय गं."

आबा तोवर गाडीजवळ पोचले होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मग दारावर. मग हात सवयीनं वर गेला, टप धरायला, आणि मोकळ्या हवेत तसाच राहिला. त्यांनी तो हळूच खाली घेतला.

"लई झ्याक दिसती," आबा म्हणाले.

"ऐका!" इंद्रजीतनं टाळी वाजवली. "मालकच म्हणत्यात!"

हर्षदाला तो आवाज ओळखीचा होता. कुणाच्या बांधावरून मेंढरं काढ म्हणून कुणी दरडावलं, की आबा याच आवाजात "व्हय जी, निघालो" म्हणायचे. आयुष्यभर म्हणाले. इंद्रजीतचा राग आला होता त्याच्या दुप्पट तिला आबांचा आला.

"आबा, खोटं बोलू नका."

नेमका तेव्हाच डीजे सुरू झाला. विक्रम फेटा सावरत मखमली खुर्चीवर चढून बसला. पोरं नाचायला लागली. हर्षदा काय ओरडतेय हे तिचं तिलाच ऐकू येईना. ती तडक डीजेच्या गाडीकडं गेली. बंद कर म्हणाली. पोरानं कानाला हात लावून हसून दाखवलं. तिनं पुढं होऊन जनरेटरचं बटण दाबलं.

एवढा मोठा आवाज गेल्यावर माणसं उघडी पडल्यासारखी उभी राहिली.

"ही गाडी मिरवणुकीत जाणार न्हाई," हर्षदा म्हणाली. "विक्रमदादा, खाली उतरा."

विक्रम भावाकडं बघायला लागला. इंद्रजीतचं हसू मावळलं, आणि त्याच्याबरोबर तोंडातलं 'ताई'ही गेलं. "ए, शाणी! तुझा भाऊ कुणाकडं कामाला हाय, म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय. रुद्र तुमच्याकडं कामाला हाय. गाडी न्हाई. मी न्हाई. आन् आबाबी न्हाईत."

रुद्रनं डोळे मिटून घेतले. इंद्रजीत दोन पावलं पुढं आला. काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात आबा बोलले.

"हर्षदा, कॅमेरा काढ."

"कशाला?"

"फोटू काढाय आलीस नव्हं? मंग काढ."

त्यांनी पुढच्या खांबाची झेंडूची माळ सोडायला घेतली. बोटांना गाठ सुटेना. कुणी मदतीला गेलं नाही, आणि आबांनी कुणाला बोलावलंही नाही. माळ सुटली. मग दुसऱ्या खांबाची. मग मागची. कापलेला पत्रा उघडा पडला; कडा नुसत्या ओरबाडलेल्या, कुणी साधी कानस फिरवायचेही कष्ट घेतले नव्हते. विक्रम केव्हाच खाली उतरला होता. आबांनी पुढच्या खांबाच्या थोटकावर पंजा ठेवला.

"इंद्रजीतराव, या. हितं उभं ऱ्हावा."

"आता कशाला, आबा? मुहूर्त टळंल."

"या की. तालुक्यात एक फ्लेक्स न्हाई ज्याच्यावर तुमी न्हाई. कुणाचं बारसं आसू दे, कुणाचा सत्कार आसू दे, समद्या फोटूत तुमी. ह्ये तर तुमच्या हातचं काम हाय. लाजता कशापाई?"

आबांचा आवाज चढलेला नव्हता. पण तो बांधावरचा आवाजही नव्हता. हर्षदानं तो आजवर कधी ऐकलाच नव्हता.

इंद्रजीतनं इकडंतिकडं पाहिलं. मघाशी चादर ओढताना वर गेलेले मोबाईल अजून वरच होते. नाही म्हणावं तर तेही दिसणार होतं. तो आला आणि आबांच्या शेजारी उभा राहिला. कॅमेरा समोर दिसताच त्याचे हात सवयीनं जोडले गेले. मग त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं झालं आणि ते सुटून मांड्यांपाशी लोंबत राहिले.

"थोडं सरका," आबा म्हणाले. "कापल्यालं झाकू नका."

तो सरकला.

हर्षदा गुडघ्यावर बसली. डोक्यावर दुपारचं ऊन होतं, कुठल्याही गाडीचं वाटोळं करणारं. या उन्हात तिनं आजवर एकही फोटो काढला नव्हता. आज ती थांबली नाही. हसा म्हणाली नाही, इकडं बघा म्हणाली नाही. तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि प्रत्येक वेळी पत्र्याची ती कड धारदार आलीय ना, एवढंच बघितलं.

"टप बसवून देतो, आबा," इंद्रजीत खालच्या मानेनं म्हणाला. "दुसरा बनवून घेऊ."

"नगं. गाडी सांजच्याला वस्तीवर आणून लावा. आन् येताना वरनं ताडपत्री टाका. पाऊस लागंल तिला आता."

ते वळले. पटका नीट केला. दोन पावलं चालून हर्षदापाशी थांबले.

"नीट आला का फोटू?"

"आला."

"त्यो दिसतोय?"

"दिसतोय, आबा. चेहऱ्यासकट."

"मंग मोठा कर. चांगली काच-चौकट घाल. हौसरावांनी सत्यनारायणाचं निमंत्रण दिलंय, रिकाम्या हातानं कसं जायचं? पूजेच्या दिशी समद्यांच्या म्होरं द्यायचा," आबा म्हणाले. "आहेर आमच्याकडनं."