मला बुडवलं त्या दिवशी

मित्रांनो, मी कॅरिबियन समुद्रातल्या करियाकू बेटावरची एक जुनी शिडाची बोट आहे. ‘मिस ऑगस्टा’ हे माझं नाव. माझ्या कॅप्टन झेफरिनच्या वडिलांनी मला किनाऱ्यावर, बदामाच्या झाडाखाली घडवलं. माझ्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासायला त्यांची थोरली मुलगी बर्नाडीन असायची. मला पाण्यात लोटलं तेव्हा मेंढा कापला, माझ्यावर रम शिंपडली आणि सारं गाव गात गात दोर ओढत होतं.

पुढे तीस वर्षं मी शेजारच्या मोठ्या ग्रेनाडा बेटाहून सिमेंट, पीठ, कांदे आणले आणि इथल्या शेळ्या तिकडे नेल्या. ऑगस्टमधल्या बोटींच्या शर्यतीत चारदा पहिली आले. मग इंजिनाच्या बोटी आल्या आणि माझं काम सुटलं. मी धक्क्याला बांधलेली राहिले. माझ्यावर पेलिकन पक्षी बसू लागले. तरी झेफरिन रोज सकाळी येऊन माझ्या तळात झिरपलेलं पाणी उपसायचा. वडील गेल्यावर घरात तो आणि बर्नाडीन, दोघंच उरली होती.

एके सकाळी रेडिओवर सांगितलं, उद्या दुपारच्या आत चक्रीवादळ बेटावर येणार. सगळ्या बोटी तिवरांच्या खाडीत आसऱ्याला निघाल्या. इंजिनाच्या बोटीवाला आल्विन मला ओढून न्यायला तयार होता, पण तो खाडी पाहून परत आला.

“कॅप्टन, आत शिरायला जागाच नाही. तुम्ही आता घरी जा.”

झेफरिन गेला नाही. त्यानं माझी शिडं उतरवून आल्विनकडे दिली. दोरखंड दुहेरी केले, ते घासून तुटू नयेत म्हणून त्यांना जुनी पोती गुंडाळली आणि दोन नांगर खोल पाण्याकडे टाकले. इतक्यात बर्नाडीन तणतणत धक्क्यावर आली.

“झेफ, सकाळपासून छपराचे पत्रे हलतायत. खिळे आणून ठेवलेत, शिडी लावलीय. पत्रे काय मी ठोकू, या वयात?”

“येतो ग, एवढं झालं की येतो.”

“अरे, हिच्याशीच लग्न लावायचं होतंस! निदान लग्नाचं जेवण तरी जेवलो असतो.”

“पत्रे नवे मिळतात, बर्ना. हिला बांधणारे हात आता कुठून आणू?”

वडिलांचे हात तिलाही आठवले असावेत. ती खाली उतरली आणि पुटपुटत दोर ओढू लागली. मित्रांनो, मला दोघांनाही घरी हाकलायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी लाटा फुगल्या. मी धक्क्यावर आदळू लागले, तशी एक जुनी फळी तडकली. झेफरिन वाकून ती फळी चाचपू लागला. मग माझ्या पोटात उतरला आणि तळाचं बूच त्यानं उपटलं.

“हे काय करतोस?” बर्नाडीन ओरडली.

“वर राहिली तर फुटेल. खाली चिखलात बसली तर वाचेल.”

पाणी आत घुसलं. माझ्या तळातले वजनाचे दगड मला खाली ओढू लागले. मला हाच हात ठाऊक होता आणि तोच मला बुडवत होता. मी पूर्ण खाली बसेपर्यंत तो काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात उभा होता. ते घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं आणि वारा शिडी टिकू देत नव्हता.

वादळ मी पाहिलं नाही. डोक्यावरचं पाणी गढूळ झालं, धक्क्याचे खांब एकेक करून माझ्या बाजूला कोसळले. मी वाचले.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर आवाज आले. झेफरिन आल्विनला सांगत होता, छप्पर उडालं, वासा बर्नाडीनच्या हातावर पडला. हाड मोडलं होतं आणि हात सुजून काळानिळा झाला होता.

“तिला ग्रेनाडाला न्यायला हवं. एखादी बोट दे ना रे.”

“कुठली बोट, कॅप्टन? खाडीतल्या सगळ्या बोटी झाडांवर चढून फुटल्यात.”

धड बोट एकच होती, आणि ती चिखलात रुतली होती. मला वर काढायला वीस माणसं लागली असती. ती वीस माणसं आपापल्या पडलेल्या घरांखालून माणसं काढत होती. मदतीचं जहाज सहाव्या दिवशी आलं. तोवर हाड वाकडंच जुळू लागलं होतं.

महिन्यानं त्यांनी मला वर काढलं. बर्नाडीन काठावर बसून डाव्या हातानं भाकरी खात होती. झेफरिन तिच्याकडे न बघता पाणी उपसत राहिला. तीच म्हणाली, “नीट उपस. इतकं महाग पडलेलं लाकूड आहे ते.”

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. आमच्या फटी बुजवा, आम्हाला रंग द्या. पण वादळाची बातमी आली की आम्हाला सोडा. ज्यांच्या डोक्यावर छप्पर हवं, त्यांच्याकडे आधी धावा. मला आयुष्यात दोनच शब्द बोलता आले असते, तर त्या दुपारी मी ते खर्चले असते: “घरी जा.”