उताराआधीचा हॅन्डब्रेक

आर्डेन टोलेफसनच्या हातून या हिवाळ्यात एक चूक झाली, तर कॉर्लिसला काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. तिची धाकटी बहीण, म्हणजे आर्डेनची बायको, कायमची शेजारी येणार होती, कारण उत्तरेकडच्या फर्गस फॉल्स गावात कॉर्लिसच्या कुंपणाला लागून असलेलं घर विकायला निघालं होतं आणि मालक नाताळपर्यंत थांबायला कबूल झाला होता. बर्फात रविवारी चर्चला नेणारं हक्काचं माणूस मिळणार होतं. पत्त्यांना दोन भिडू मिळणार होते. आणि सगळ्यावर कडी म्हणजे “मी तेव्हाच म्हटलं होतं” हे म्हणायची सोय होणार होती. तिच्या मते त्याची किंमत घरापेक्षा कमी नव्हती.

चूक म्हणजे कुठलीही नव्हे. रस्ता चुकणं, कॉफी सांडणं हे सगळं आर्डेनला माफ होतं. चूक जीप जोडण्यातली हवी होती.

आमच्यासारखी म्हातारी मंडळी थंडी पडली की घर कुलूपबंद करून मोटरहोममधून दक्षिणेच्या वाळवंटात उतरतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं आख्खं घर. ते घेऊन किराणा आणायला जाता येत नाही, म्हणून मागे छोटी गाडी जोडलेली असते. ती आपल्या चार चाकांवर मुकाट्याने ओढली जाते. आत कोणी नाही, इंजिन बंद. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, स्टिअरिंग मोकळं हवं, दोन लोखंडी हात पक्के बसायला हवेत, साखळ्या हव्यात, दिव्यांची वायर हवी, आणि पुढचा ब्रेक दाबला की मागच्याचा आपोआप दाबणारी पेटी हवी. यातलं काहीही चुकलं तर पुढे बसलेल्याला ते लवकर कळतच नाही. एवढं मोठं धूड पुढे असल्यावर मागच्या जीपचं रडणं ऐकू कसं येणार?

गेल्या वसंतात आर्डेनने आधीची गाडी न्यूट्रलमध्ये न टाकताच ओढली होती. गिअरबॉक्स जळून गेला. त्या दिवशी लव्हॉन, म्हणजे त्याची बायको, आवाज न चढवता म्हणाली होती, “मशिनवर माझा विश्वास आहे, आर्डेन. तुझ्यावर आता थोडा कमी आहे. आणखी एकदा असं झालं, तर आपण हे विकायचं आणि एका जागी घर घेऊन बसायचं.”

आर्डेन म्हणाला, “कबूल.”

तो हे सहज म्हणाला नव्हता. हे मोटरहोम म्हणजे त्याचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य होतं. फर्गस फॉल्समध्ये तो हिवाळाभर खिडकीपाशी बसून बर्फ मोजणारा एक म्हातारा झाला असता. इथे तो स्टिअरिंगमागे बसला की दहा वर्षांनी तरुण दिसायचा. आणि लव्हॉनलाही हे हिवाळे हवे होते. म्हणूनच तर तिने एवढी कडक अट घातली.

अट ऐकून कॉर्लिस त्या वर्षी आग्रहाने बरोबर आली. “वाळवंट पाहायचंय,” असं म्हणाली. वाळवंट तिने फारसं पाहिलं नाही. आर्डेनचे हात पाहिले.

आता आमच्यातला एक नियम सांगायला हवा. गाडी जोडत असलेल्या माणसाशी बोलायचं नाही. कोणीतरी कॉफीचा मग घेऊन येतं, “कुठले हो तुम्ही?” विचारतं, हवापाणी निघतं, आणि एक खिट्टी लावायची राहून जाते. म्हणून शेजारीपाजारी लांबूनच हात करतात. आर्डेन तर या नियमाचा पोलीसच होता. पहिल्याच आठवड्यात कॉर्लिसने “साखळी डावीकडे की उजवीकडे?” एवढंच विचारलं होतं, तर तो वाकलेला असतानाच ओरडला होता, “कॉर्लिस! मी जोडतोय तेव्हा पोपसुद्धा गप्प बसतो!”

“आपण लुथरन आहोत, पोपला कुठे मानतो?” कॉर्लिस म्हणाली.

“म्हणून तर पोपचं सांगितलं. तो परका असून गप्प बसतो, तू तर घरची.”

त्या सकाळी आम्ही काही जण यार्नेल गावाच्या वर, पठारावरच्या तळावर उतरलेलो होतो. टोलेफसन मंडळी निघायच्या तयारीत होती. आर्डेनने जीप मोटरहोमच्या मागे आणून उभी केली, घरंगळू नये म्हणून हॅन्डब्रेक ओढला. जमीन सपाट, म्हणून अर्धवटच ओढला. मग लोखंडी हात बसवले, खिट्ट्या लावल्या, साखळ्या अडकवल्या. आत बसून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. हॅन्डब्रेक सोडायचा तो अगदी शेवटी, ही त्याची पद्धत. तेवढ्यात त्याला दिव्यांची वायर लोंबताना दिसली. तो उतरला, वायर लावली, आणि तसाच पुढे निघून गेला. शेवटची गोष्ट शेवटीच राहिली.

कॉर्लिस मागच्या सीटवरची आपली उशी घ्यायला जीपपाशी आली होती. तिने दार उघडलं आणि दोन सीटांच्या मधला दांडा वर उठलेला पाहिला. समोर छोटा लाल दिवा पेटलेला होता. तिने तोंड उघडलं. आर्डेन समोरून परत येत होता. त्याने बोट वर केलं. “एक शब्द नाही!”

तर कॉर्लिस एक शब्द बोलली नाही.

पाहा, बाई नियमात राहिली. यापेक्षा सुरक्षित जागा माणसाला कुठे मिळते? उशी काखेत मारून ती मोटरहोममध्ये चढली आणि सोफ्यावर बसली. मनातल्या मनात तिने हिशोब केला, की आता लव्हॉन बाहेर उभी राहून जीपची चाकं फिरतात का ते पाहील, तेव्हा चूक उघडी पडेल. कोणाचं नुकसान नाही, कोणाला इजा नाही, आणि शेजारचं घर आपलं.

लव्हॉन बाहेर उभी राहिली. आर्डेनने गाडी थोडी पुढे घेतली. पण अर्ध्या ब्रेकात चाकं फिरतात. लव्हॉनने ती फिरताना पाहिली, अंगठा दाखवला आणि आत येऊन पट्टा लावला.

“सगळं नीट?” आर्डेनने विचारलं.

“नीट,” लव्हॉन म्हणाली, आणि खूश होऊन त्याच्या दंडावर थोपटलं.

कॉर्लिसला जरा अस्वस्थ वाटलं. पण तेल भरायला ते काँग्रेस गावात थांबणारच होते, आणि थांबलं की आर्डेन चाकं तापलीत का ते हात लावून पाहतो हे तिला माहीत होतं. तिथे कळेल. गावांची नावं तिला पाठ होती. दोन गावांच्या मध्ये डोंगर असतो, हे तिने नकाशात पाहिलं नव्हतं.

पठार संपलं आणि पिवळी पाटी आली. पुढे तीव्र उतार. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला एकदम काहीच नाही. खूप खाली वाळवंट पसरलेलं, आणि रस्ता त्या दिशेने दोरीसारखा सोडलेला.

“हा घाट मला आवडतो,” आर्डेन म्हणाला आणि खालचा गिअर टाकला.

कॉर्लिसची नजर चालकाच्या वरच्या छोट्या पडद्यावर गेली. तिथे मागचा कॅमेरा जीप दाखवत होता. जीप बिचारी इमानदार कुत्र्यासारखी मागून येत होती. तिच्या मागे किंचित धुरकट दिसत होतं. धूळ असेल, कॉर्लिसने स्वतःला सांगितलं. पण रस्ता तर डांबरी होता.

“आर्डेन,” ती म्हणाली, “जरा थांबवतोस का? मला बाथरूमला जायचंय.”

“जा की. तुझ्या पाठीमागेच आहे.”

मोटरहोममध्ये संडास असणं ही त्या वाहनाची सगळ्यात मोठी सोय, आणि त्या क्षणी कॉर्लिसची सगळ्यात मोठी अडचण.

“मला मळमळतंय.”

“सिंकखाली बादली आहे,” लव्हॉन म्हणाली. “उतारावर मागे बसलं की होतं तसं. समोर बघ, बरं वाटेल.”

समोर बघितलं तर दरी. मागे बघितलं तर पडदा. पडद्यावरचा धुरकटपणा आता पांढरा झाला होता. बोलावं, तर पाहून गप्प बसलो हे कबूल करावं लागतं. न बोलावं, तर… तिने उशी घट्ट धरली. आपली बहीण पुढच्या सीटवर आहे, आणि तिच्या मागे बांधलेली गाडी पेटायला लागली आहे, एवढंच आता तिच्या डोक्यात राहिलं होतं.

“हॅन्डब्रेक,” ती म्हणाली.

“काय?”

“जीपचा हॅन्डब्रेक लागलेला आहे. मी पाहिला. सकाळी.”

आर्डेनने पडद्याकडे पाहिलं. त्याच्या मानेचा रंग बदलला. लव्हॉन सीटवर वळली आणि बहिणीकडे पाहत राहिली.

“इथे थांबता येत नाही,” आर्डेन म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “मागे ट्रक आहे. वळणावर थांबलो तर तो आपल्यावर येईल.”

“पुढे मोकळी जागा आहे ना? दरीकडे?” लव्हॉनने विचारलं.

“आहे. पण तिचं तोंड अरुंद आहे. आणि लव्हॉन, हे जोडलेलं असताना मागे घेता येत नाही. पहिल्यांदाच नीट घुसलं पाहिजे.”

ओढलेली गाडी मागे ढकलली की तिची पुढची चाकं वाकडी वळतात आणि लोखंडी हात मोडतात. त्या मोकळ्या जागेला आत जायची एकच संधी होती. चुकली, तर पुढे नुसता उतार.

लव्हॉन खिडकीला टेकून मोजू लागली. “अजून नाही. अजून नाही. ट्रकला सिग्नल दे. आता हळू. हळू, आर्डेन. ते बघ, दगडी कठडा संपतोय. आता!”

आर्डेनने स्टिअरिंग फिरवलं. मोटरहोम हेलपाटत आत घुसलं, कपाटातल्या बशा खणखणल्या, डावा आरसा एका खांबाला घासून गेला. आणि ते थांबलं. मागून ट्रक भोंगा वाजवत खाली गेला.

आर्डेन पट्टा सोडून आग विझवायचं नळकांडं घेऊन दाराकडे धावला. लव्हॉनने त्याचा शर्ट धरला.

“आधी दगड. चारही चाकांना. जीपचे ब्रेक आता शिजलेत, त्यांच्यावर भरवसा नाही. आणि कोणी आत बसायचं नाही.”

बाहेर जळक्या रबराचा आणि गरम लोखंडाचा वास होता. जीपच्या मागच्या डाव्या चाकाच्या आत एक छोटी पिवळी ज्वाळा नाचत होती. लव्हॉनने दगड सरकवले. आर्डेनने नळकांडं फवारलं. ज्वाळा विझली, परत उठली, त्याने परत फवारलं. मग नुसता धूर राहिला. टायर फुटला नाही, कसा ते त्या टायरलाच माहीत.

कॉर्लिस पायरीवर उभी होती. उशी अजून तिच्या हातातच होती.

आर्डेनने जीपचं दार उघडून आत पाहिलं. दांडा वर होता, लाल दिवा पेटलेला होता. मग दांडा खाली केला. आता त्याने काही फरक पडणार नव्हता, तरी केला.

“मी विसरलो,” तो म्हणाला.

“मी चाकं पाहिली,” लव्हॉन म्हणाली. “मीच अंगठा दाखवला.”

दोघंही कॉर्लिसकडे बघायला लागले.

“त्याने मला गप्प बसवलं!” कॉर्लिस म्हणाली. “बोट दाखवलं! नियम आहे तुमचा!”

“आहे ना,” लव्हॉन म्हणाली. “आणि तू आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलीस.”

बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारा टो-ट्रकवाला आला. जाडजूड, टोपी उलटी घातलेला. त्याने चाकाखाली डोकावून शीळ घातली. “बरं झालं थांबलात. अजून दोन वळणं गेला असता, तर घराला आग लागली असती.” मग पॅड पुढे करून त्याने विचारलं, “बिल कोणाच्या नावावर?”

कॉर्लिसने घाईघाईने पर्स उघडली.

“ठेव ती,” लव्हॉन म्हणाली. “हे पैशाने फिटायचं नाही, आणि तुला तसं फेडू देणार नाही मी.”

आर्डेनने सही केली. मग किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून त्याने बायकोच्या हातात दिला. उरलेल्या घाटातून मोटरहोम लव्हॉनने उतरवलं. आर्डेन बाजूच्या सीटवर बसला आणि खाली गावात पोहोचेपर्यंत एकदाही गिअरबद्दल सूचना केली नाही. त्याला ओळखणाऱ्यांना यावरून सगळं कळावं.

शब्द म्हणजे शब्द. वसंतात त्यांनी मोटरहोम विकलं. पण घर फर्गस फॉल्समध्ये घेतलं नाही. मुलगी राहते त्या दुसऱ्या गावात घेतलं, चर्चला चालत जाता येतं तिथे.

तेव्हा हिशोब असा. जीपचे ब्रेक आणि टो-ट्रक आर्डेनने भरले, आणि स्टिअरिंगही त्यानेच दिलं. लव्हॉनचे हिवाळे गेले, चूक तिची सगळ्यात कमी असून. ज्याने मोटरहोम घेतलं त्याचा फायदा झाला, कारण आरशाच्या ओरखड्यामुळे त्याला ते स्वस्त पडलं. कॉर्लिसच्या कुंपणाशेजारचं घर एका दंतवैद्याने घेतलं. माणूस सभ्य आहे, हात करतो. पत्ते खेळत नाही.