सावित्रीच्या पात्रात बसरा

राहीबाईचा लेक महिपत पलटणीबरोबर अरबांच्या मुलखात बसऱ्याच्या लढाईला गेला, त्याला अठरा वर्षं झाली. सरकारी कागद आला त्यात 'बेपत्ता' एवढंच लिहिलेलं. त्या एका शब्दावर या बाईनं अठरा वर्षं काढली. कुणी नुसता चेहरा पाडून विचारपूस करायला आलं, तरी त्याच्या अंगावर जायची. "गवसला नाय म्हंजे मेला काय रे? गाय चुकते, ती काय लगेच मरते?"

नवरा हैबती आता अंथरुणाला खिळला होता आणि त्याचं एकच टुमणं चालू होतं. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या तीनशेसाठ पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि नदीकाठी त्याला अग्नी द्यायचा, असं पोलादपूरच्या भटजींनी कधीच सांगून ठेवलं होतं. "माझं डोळं मिटायच्या आदी पोराला पाणी देऊ दे गो," हैबती काकुळतीला यायचा. "जित्या लेकाला जाळायला निघालात? बाप हाव का कोन?" ती कडाडायची आणि चुलीपुढं पाठ फिरवून बसायची. बिचारा हैबती भिंतीकडं तोंड करायचा.

त्या चैत्रात विलायतेची शिनेमा कंपनी दासगावच्या बंदरात उतरली. पेट्या, तंबू, दिवे, काय विचारू नका! सगळं लॉऱ्यांत भरून पोलादपुरास आलं. सावित्री नदीचं पात्र तेव्हा कोरडं ठणठणीत, वर बोडके डोंगर. कंपनीच्या साहेबानं खजुरीसारखी दिसणारी शिंदीची झाडं तोडून वाळूत रोवली, बांबूच्या तट्ट्यांना माती फासून भिंती उभ्या केल्या, घाटावरून दोन उंट आणले, आणि गावच्या गड्यांना खाकी कपडे चढवून दिवसभर मरायला लावलं. शेजारचा कोंडाजी तर तीन दिवसांत अकरा वेळा मेला. मजुरी अशी की भातलावणीतही कधी मिळाली नव्हती, त्यामुळं मेला दर खेपेला हसतच उठायचा.

तोच सांगत आला. "वैनी, नदीत बसरा केलाय बघा. हुबेहूब!"

राहीबाईची भाकर तव्यावरच करपली. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि तडक नदी गाठली.

उंट, शिंदी, धूळ. आणि त्या धुळीत उताणे पडलेले खाकीतले गडी. गावातलेच, ओळखीचे, तरी ती एकेकाच्या तोंडाशी वाकून बघत गेली. कंपनीचा दुभाषी मुरारी महाडचा, शिकलेला मुलगा. तिनं त्यालाच गाठलं.

"हे सोंग हितं का आनलं रं?"

"मावशी, विलायतेत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ऊन नसेल तर चित्र उमटत नाही. शिवाय तिकडच्या एका माणसाच्या रोजात इथली वीस माणसं मिळतात."

"मंग खऱ्या बसऱ्याला जायचं! तितं काय ऊन कमी हाय?"

मुरारीनं हे साहेबाला विचारलं. साहेब पन्नाशीचा, एक पाय ओढत चालणारा. त्यानं टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलला.

"साहेब म्हणतात, कंपनी त्यांना तिकडंच पाठवत होती. पण ते स्वतः त्या लढाईत होते. त्यांची माणसं तिथं पडलीत. त्या वाळूवर पुन्हा पाय ठेवणं त्यांना जमणार नाही."

राहीबाईनं साहेबाकडं निरखून पाहिलं. हा तिथला होता. यानं तिथलं ऊन खाल्लं होतं.

"त्याला इचार, कागदावर बेपत्ता लिवत, ती मानसं कुटं गेली?"

मुरारी घुटमळला. काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यावी, असंही त्याच्या मनात आलं असावं. पण ती त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. त्यानं विचारलं आणि ऐकलं ते मान खाली घालून सांगितलं. "माघार घेताना पडलेल्यांना उचलायला माणसं नव्हती. मेला असं लिहायचं तर देह दाखवावा लागे. तो नसला की बेपत्ता लिहीत."

"त्यातला येक तरी मागारी आला?"

साहेबानं आडवी मान हलवली. ते सांगायला मुरारी लागला नाही.

ती घरी आली तेव्हा हैबती जागाच होता. ती त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "भटजींना सांगावा धाडा." हैबतीला आपले कान खरे वाटेनात. तो नुसता तिचा हात धरून राहिला. मग तिनं स्वतः डोंगरात जाऊन पळसाची पानं तोडली, एकेक पुसून घेतली.

कंपनी गेली, पण त्याआधीच राहीबाईनं मुरारीकरवी साहेबाला सांगून शिंदी आणि भिंती तशाच ठेवायला लावल्या होत्या. कंपनी गेल्याच्या चौथ्या दिवशी कोंडाजीनं हैबतीला पाठीवर घेऊन नदीत आणलं आणि भटजींनी बांधलेला पुतळा त्या शिंदीखाली ठेवला. राहीबाई मागोमाग आलेली बघून भटजी थबकले.

"बाई, तुम्ही घरी थांबा. मसणात बायका येत नाहीत."

"ह्ये मसन नाय, भटजी. ह्यो बसरा हाय," ती म्हणाली. "साहेबाला चालतो, तर माज्या लेकाला का नाय चालनार? तो पडला तवा त्याच्या तोंडात पानी घालायला मी नव्हते. आता मला घरी धाडू नका."

भटजींनी मंत्र सुरू केला. हैबतीनं अग्नी दिला. पानं ओली होती, आधी नुसता धूर झाला, मग पुतळ्यानं पेट घेतला. तशी राहीबाई वाळूत बसली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा, महिपतचं नाव घेऊन, आक्रोश करून रडली. वाळू नुसती भाजत होती, पण तिला उठवायला कुणी पुढं झालं नाही.