टिश्यूची दोन पाकिटं

लेय हूनने वृद्धाश्रमाच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर पेन टेकवलं आणि परत उचललं.

"ताई, कोर्टानं बाबांचे निर्णय तुझ्यावर सोपवलेत ना? मग कर की सही," फोनवर धाकटा केंग म्हणाला.

"सोपवलेत. पण माझ्या मनासारखं कर, असं नाही सांगितलेलं. बाबांना काय आवडेल ते आधी बघायचं."

"त्यांना तुझं नाव तरी आठवतं का?"

"तुझं आठवतं. शिव्या देताना."

केंग हसला. तिने फोन ठेवला.

बाबांनी दोनदा गॅस चालू ठेवला होता. बाराव्या मजल्यावर त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. हा वृद्धाश्रम स्वच्छ होता, माणसं बरी होती. पण सकाळपासून तिने तीनदा विचारलं, "बाबा, इथे राहाल?" आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, "जेवलीस का?"

परिचारिका रोहाना त्यांना जेवणघरात घेऊन गेली. खिडकीपाशी दोन म्हातारे चिनी बुद्धिबळावरून भांडत होते.

"घोडा असा चालतो? चष्मा विसरलास की अक्कल?"

"दोन्ही तुझ्याकडे ठेवायला दिली होती. हरवलीस?"

बाबा थांबले. पट बघत राहिले. मग त्यांचा हात खिशात गेला.

तीस वर्षं त्यांनी टॅक्सी चालवली. दुपारी खाण्याच्या स्टॉल्सनी गजबजलेल्या हॉकर सेंटरमध्ये शिरलं की आधी जागा धरायला खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, मगच नूडल्सच्या रांगेत उभं राहायचं. गर्दी कितीही असो, अशा खुर्चीला कुणी हात लावत नसे. आणि जागा पसंत नसेल तर बाबा पाकीट खिशातून काढतच नसत. पंखा नाही म्हणून त्यांनी साऱ्या घराला अर्धा तास ताटकळत ठेवल्याचं लेय हूनला आठवत होतं.

बाबांनी पटाशेजारच्या खुर्चीवर पाकीट ठेवलं. चष्मा विसरलेल्या म्हाताऱ्याने काही न विचारता आपला कप बाजूला सरकवला.

"काकांनी जागा धरली," रोहाना हसून म्हणाली.

लेय हूनने पेनाचं टोपण काढलं. पण बाबा अजून खिसा चाचपत होते. शेवटी दुसरं पाकीट निघालं. ते त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि लेकीकडे पाहिलं.

"जेवलीस का?"

"अजून नाही, बाबा."

पाकीट उचलून ती त्या खुर्चीवर बसली आणि अर्ज टेबलावर पसरला.