फोडायचा राहिलेला वरवंटा

मी दोन शिंगांचा वरवंटा बोलतो आहे. माझ्यावर घाव पडायला थोडाच अवकाश आहे, म्हणून मोजके बोलतो.

ज्याने हे सरोवर आणि त्याच्या काठची आमची क्लामथ जमात घडवली, त्यानेच डोंगराच्या पोटातला अग्नी निववून माझा काळा दगड केला. पाणथळीकाठच्या एका तरुणाने मला अख्खा हिवाळा टोचून आकार दिला, पकडीसाठी पाठीवर दोन शिंगे ठेवली आणि आपल्या नव्या वधूच्या हाती सोपवले. तिचे नाव मी घेणार नाही. गेलेल्या माणसाचे नाव आमच्यात कोणी उच्चारत नाही. उच्चारले तर ते माणूस वळून पाहते.

पन्नास उन्हाळे तिने मला वापरले. डोंगीतून वोकस आणायचे, म्हणजे पाणथळीतल्या पिवळ्या कमळाची बोंडे. बी भाजायचे आणि पाट्यावर माझ्याखाली घालून टरफल फोडायचे. पहिली मूठ ती पाण्याला परत देई. घाईने दळणाऱ्या लेकीला, ऑर्फाला, म्हणे, "पोरी, हळू. बी कुठं पळून चाललंय का?"

यंदा वोकसच्या हंगामातच ती गेली. तिला मातीत ठेवल्यावर तिच्या टोपल्या, चटई, वल्हे, सारे अग्नीला दिले. जे जळत नाही ते फोडायचे, म्हणजे ते गेलेल्याबरोबर जाते, असा नेम आहे. तिचा भाऊ एबनर धोंडा घेऊन उभा राहिला.

"वरवंटा कुठाय गं, ऑर्फा?"

"सापडत नाही, मामा. डोंगीतून पडला असेल."

"पन्नास वर्षांत तिच्या हातून बोंड पडलं नाही, आणि वरवंटा पडला?"

"मग मीच खाल्ला असेल! घ्या झडती माझी."

मामाने धोंडा खाली ठेवला. मी बियांच्या खड्ड्यात, लव्हाळ्याच्या चटयांखाली होतो. माणसे परक्याची वस्तू ठेवून घेतात तेव्हा तिला चोरी म्हणतात. आपल्या मृताची ठेवून घेतात तेव्हा माया म्हणतात. निर्मात्यापुढे दोहोंचे नाव एकच आहे.

दुसऱ्याच दिवशी ऑर्फा माझ्यावर दळू लागली. शिंगांवर तिचे हात असत. पण त्यांच्याखाली आणखी दोन हात होते, गार आणि सवयीचे. मी ते ओळखले. मालकीण आपली वस्तू न्यायला आली होती, आणि रिकाम्या हाताने परतणार नव्हती.

ऑर्फाची सहा वर्षांची लेक डेलिया दळणापाशी बसे. एके दुपारी रिकाम्या चटईकडे पाहून ती काहीतरी पुटपुटली आणि खुदकन हसली.

"कुणाशी गं बोलतेस?"

"आजीशी. ती म्हणते, तू तिच्या जागेवर बसलीस."

त्या आठवड्यात पाणथळीवर पहिले हिव पडले. बदके उडून गेली. डेलिया जेवेनाशी झाली. माशाचा रस्सा तिच्या ओठांवरून ओघळे. अंग तापत नव्हते, गार पडत होते. तरी ऑर्फा दळत राहिली, कारण दळताना आई जवळ आहे असे तिला वाटे. ती खरोखरच जवळ होती, आणि अनर्थ तोच होता.

आज सकाळी ऑर्फाने मला मामाच्या दारात आणून ठेवले.

"मीच लपवला होता, मामा."

"ठाऊक होतं. तुझ्या तोंडून यायला हवं होतं."

"तुम्ही फोडा. माझ्यानं नाही व्हायचं."

"लपवला ज्यानं, फोडायचा त्यानं. मी घाव घातला तर ती तुझ्या घरातून हलायची नाही."

आता आम्ही ऑर्फाच्या अंगणात, तिच्या आईच्या टोपल्या जाळल्या त्या राखेपाशी आहोत. तिने धोंडा दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. आईच्या तळव्यांनी माझ्या शिंगांना आलेली झिलई ती बोटाने चाचपते आहे.

घरातून डेलियाची हाक येते. आवाज लेकराचा आहे. बोलणे लेकराचे नाही.

"पोरी, हळू. मी कुठं पळून चाललेय का?"

मामाने मान खाली घातली. ऑर्फाने धोंडा तिसऱ्यांदा उचलला आहे.

ऑर्फा, तुझ्या आईचे हात मी पन्नास वर्षे ओळखतो. ती दुष्ट नाही. तिचे तिला हवे आहे. ते मिळाले नाही, तर हाताशी जे सापडेल ते ती घेऊन जाईल. निर्माता तुझ्या मनगटाला बळ देवो. घाव घाल. आज हळू नको.