फाटकापासून दारापर्यंत

फाटकाजवळच्या पत्र्याच्या छपराखाली उभी आहे ना, जिचा हिरवा रंग पोपडे धरून गळतोय, ती मी. ढकलगाडी. मित्रांनो, तुमच्यातल्या अर्ध्याअधिक जणांनी माझ्यावर बसून फुकट चकरा मारल्या आहेत, पण माझी हकीकत कुणी विचारली नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. जिन्याच्या कठड्यांसाठी आणलेल्या नळ्या उरल्या होत्या, त्यांतून त्याने माझं अंग घडवलं. तळाला पत्रा, चार चाकं आणि मागे ढकलायला एक आडवी दांडी. ती दांडी त्याने मुद्दाम उंच लावली. मदतनिसाला म्हणाला, "वाकून ढकलावं लागलं, की माणसं चार दिवसांत कंटाळतात."

तिथून मी या वसाहतीत आले. नऊ इमारती, पण आत एकही मोटार नाही. सगळ्या मोटारी फाटकाबाहेर थांबतात. फाटकात लोखंडी खांब आहेत, त्यांना कुलूप. पुढची वाट फक्त पायांची. दुतर्फा झाडं, वळणावर बाक, आणि शेवटच्या इमारतीपर्यंत सहाशे पावलं. हात रिकामे असतील तर चालत जा, सामान असेल तर मला घेऊन जा.

पहिल्या वर्षी लोकांनी मला पाहून नाकं मुरडली. "एवढं नवं घर घेतलं, आणि तांदळाची गोणी हमालासारखी ढकलायची?" हळूहळू त्यांना सवय झाली. मला ढकलता ढकलता माणसं वाटेत थांबू लागली, शेजाऱ्यांची नावं त्यांना कळू लागली. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू खिडकी उघडी टाकून शिवायला बसू लागल्या; धूळ येत नव्हती की हॉर्न वाजत नव्हता. माझं पुढचं एक चाक कुरकुरतं, म्हणून मुलांनी माझं नाव ठेवलं कुरकुरी. मागे धावत गायची,

कुर कुर कुर कुर चाक बोलतं,
मागून बघा कोण चालतं.

मग ड्रायव्हरकाका राहायला आले. तीस वर्षं शहरात बस चालवून ते निवृत्त झाले होते, आणि शेवटच्या इमारतीत मुलीकडे आले होते. मुलगी दवाखान्यात नर्स. पहिल्याच दिवशी टॅक्सी फाटकाशी थांबली, तेव्हा काका वॉचमनवर उखडले. "मी बस दारात लावायचो, आणि मला इथे उतरवता?" त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज लिहिला, की खांब कायमचे काढून मोटारी दारापर्यंत सोडाव्यात. बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या सह्या घेतल्या. अर्ज वसाहतीच्या वार्षिक सभेत चर्चेला यायचा होता.

सभेला चार महिने होते, आणि एका सकाळी काकांचं डावं अंग लुळं पडलं. वॉचमनने धावत जाऊन खांब काढला, रुग्णवाहिका थेट दारात आली. काका वाचले, हातही सावरला, पण डावा पाय फरफटू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, "हा पाय आता चालूनच चालायला शिकेल. बसून राहिलात तर खुर्चीलाच चाकं लावावी लागतील."

मुलीने काठी आणली. काकांनी ती दाराआड ठेवली. "काठी घेऊन खाली गेलो, तर सगळे विचारतील, काय झालं, कसं झालं. नको."

एका पहाटे ते भिंतीला धरत धरत लिफ्टने खाली आले. त्यांच्या इमारतीच्या दारापाशी आदल्या दिवशी कुणीतरी मला तशीच सोडून गेलं होतं. काकांनी दांडीवर दोन्ही हात ठेवले. दांडी बरोबर छातीशी आली. त्यांनी अंगाचा भार माझ्यावर टाकला आणि एक पाऊल उचललं. मग दुसरं. त्या दिवशी आम्ही वीस पावलं गेलो. पंधरा दिवसांत वळणाच्या बाकापर्यंत, महिन्याने फाटकापर्यंत.

पण रिकामी गाडी रोज ढकलणारा माणूस दिसला, की लोक विचारणारच. म्हणून काकांनी माझ्यावर एक रिकामं खोकं ठेवलं. इथेच त्यांची चूक झाली. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "रोज काय आणता हो?"

"सामान," काका म्हणाले.

"मग जाताच आहात, तर फाटकाशी माझी कापडाची गाठोडी आली आहेत, तेवढी टाका की गाडीत."

नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिसऱ्या इमारतीतून पिठाची पिशवी, चौथ्यातून औषधं, पाचव्यातल्या आजींची कुंडी. ज्यांना चुकवायला काका पहाटे निघत, तेच त्यांची वाट बघू लागले. "काका, आज उशीर?" "काका, गुळाची ढेप बुडाला ठेवा, अंडी वर." सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी एक. पायाची सूज उतरली, रात्री झोप लागू लागली. रक्तदाब मोजताना मुलगी दोनदा मोजायची, आकडा खरा वाटत नसे म्हणून.

तिला सगळं कळलं होतं. एकदा रात्रपाळी करून परतताना तिने दुरून आम्हाला पाहिलं आणि झाडामागे थांबून राहिली. वॉचमनला एवढंच म्हणाली, "दादा, रात्री ही गाडी आमच्या दारात लावत जा, सकाळी दुसऱ्या कुणाला देऊ नका."

आणि सभा आली. मोकळ्या अंगणात खुर्च्या मीच वाहून नेल्या, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. अध्यक्षांनी अर्ज वाचला. सव्वाशे सह्या, पहिली ड्रायव्हरकाकांची. या वाटेवर मोटारी धावू लागल्या, की फरफटत्या पायाचा माणूस तिथे कुठे चालणार? काका खुर्चीला धरून उठले.

"अर्ज माझाच आहे," ते म्हणाले. "माझी सही खोडा."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "काका, जन्मभर गाडी चालवलीत, आणि आता गाडीच नको?"

"म्हणूनच नको. तीस वर्षांत माझे पाय ब्रेकवरून क्लचवर आणि क्लचवरून ब्रेकवर, एवढेच हिंडले. ते मला इथे कळलं." मग ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटे तीच ते बोलले. "मी सामान आणायला जात नव्हतो. मला आधाराशिवाय चालता येत नव्हतं. ही गाडी माझी काठी होती."

मग शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, "आम्हाला काय आंधळे समजलात? रिकामं खोकं कोण रोज आणतं? म्हणून तर गाठोडी लावली तुमच्या मागे."

हशा पिकला. काकाही हसले, डोळे पुसत.

पण एकजण उठला, ज्याची आई अंथरुणावर होती. "हसा तुम्ही. वॉचमन जेवायला गेला असेल, तर माझ्या आईसाठी कुलूप कोण उघडणार?" त्याचं बरोबर होतं. काकाच म्हणाले, "एक किल्ली प्रत्येक इमारतीत ठेवा. आजाऱ्याची गाडी अडता कामा नये." हात वर झाले. खांब राहिले, वॉचमनची धरून किल्ल्या दहा झाल्या.

पुढच्या महिन्यात एका सकाळी काका खाली दारात माझ्याजवळ आले. दांडीवर हात ठेवला. मी तयार होते. त्यांनी हात काढून घेतला आणि वाटेला लागले, मोकळ्या हातांनी, डावा पाय किंचित ओढत. वळणापर्यंत मी त्यांना बघत राहिले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून बरंच जास्त बरं वाटलं.

आता मी म्हातारी झाले. कुणी मला जिन्याखाली विसरतं, कुणी आठ आठ दिवस दारात अडकवून ठेवतं. मित्रांनो, चाकाला तेल नाही घातलंत तरी चालेल, कुरकुरणं माझं मला आवडतं. पण काम झालं, की मला छपराखाली आणून ठेवत जा. कुणाला ठाऊक, फाटकाजवळच्याच एखाद्या इमारतीत काठीची लाज वाटणारं एखादं माणूस असेल. ते पहाटे भिंतीला धरत धरत इथवर येईल. तेव्हा मी जागेवर असले पाहिजे.